धावजीची मूठ

लग्नाला तीस वर्षं झाली तरी सुखीबाईने शंकरपट डोळ्यांनी पाहिला नव्हता. पटात पळणारे बैल तिच्या हातचं कुटार खात, तिने ओढलेलं पाणी पीत, त्यांचं शेण तीच काढी. पण ते पळताना कसे दिसतात हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा धावजी मात्र नावाजलेला धुरकरी, म्हणजे छकड्यावर उभं राहून जोडी पळवणारा. मायकावर बैलाचं नाव पुकारतात, मालकाचं पुकारतात, फार झालं तर धुरकऱ्याचं. शेण काढणारीचं नाव पुकारल्याचं अजून कोणाच्या ऐकण्यात नाही.

धावजी राठोडचा तांडा राळेगाव तालुक्यात, एसटी जिथं सोडते तिथून दीड कोस आत. कापूस वेचून घरात आला की या भागात गावोगावी पट भरतात. दोन बैल, एक हलका छकडा, तीनशे फुटांची पट्टी आणि सात-आठ सेकंदांचा खेळ. तेवढ्या सेकंदांपायी दोन गावं वर्षभर एकमेकांचं पाणी पीत नाहीत.

बाकीचे धुरकरी पराणीने बैल पळवत. पराणीच्या टोकाला आर, आर म्हणजे खिळाच. कोणी शेपूट पिरगाळी, कोणी दातांनी चावी. धावजी यातलं काही करत नसे. तो हाक मारायचा. ही हाक त्याला आज्याने दिली होती, आणि आज्याला त्याच्या आज्याने. हे बंजारा लोक पाठीवर मीठ-धान्य लादून बैलांचे तांडेच्या तांडे मुलूखभर फिरवत, त्या लदेणीच्या दिवसांपासूनची ती होती. आधी पोटातून निघालेला लांब हेल, मग "चाल वीरा, चाल वीरा, चाल चाल चाल". वीरा म्हणजे गोरबोलीत भाऊ. आणि शेवटी, बैल पोचला की, हळू आवाजात "बस वीरा, बस". त्यानंतर शिंगामागे तळहात घासायचा. इतकं झालं म्हणजे हाक पुरी झाली.

हाक मोकळी सोडायची नाही, हा त्यांच्या घराचा नेम. आज्याने त्यामागची गोष्ट सांगितली होती. एका घाटात हाक मारता मारता हाकणाऱ्याचाच जीव गेला. पुढचा बैल चालत राहिला. मुक्काम आला, गेला. पाणी आलं, गेलं. त्याला 'बस' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो सापडला तो मेलेलाच. खरं-खोटं देव जाणे. पण धावजी बैलांच्या कोठ्यात गंमत म्हणून जरी 'चाल' म्हणाला, तरी 'बस' म्हटल्याशिवाय बाहेर येत नसे. एकदा अर्ध्या वाटेवरून माघारी आला होता, बस म्हणायला.

पंचवीस वर्षांपूर्वी कळंबच्या बाजूला एक पट भरला. धावजी तेव्हा दुसऱ्याची जोडी पळवायचा. त्या दिवशी त्याने एका बड्या घरची जोडी मागे टाकली. वेळ मोजायला नानाजी होता. हातात घड्याळ, समोर मायक, आणि जीभ अशी की पाणी न लावता दाढी करावी. वेळ सांगता सांगता तो म्हणाला, "काठी नाई, पराणी नाई, अन् बैल असे पळते? धावजी, मूठ दाखव गा. खिळा असन मुठीत."

लोक हसले. धावजी भोळा होता, त्याने मूठ उघडून दाखवली. कासऱ्याने तळहात कापला होता. मुठीत रक्त होतं.

झालं. तीन हजार लोकांनी रक्त पाहिलं आणि तीन हजार लोकांना खिळा दिसला. कासरा कोणालाच दिसला नाही. बैलाचं अंग तपासा, एक टोचा सापडला तर माझा हात तोडा, असं धावजी ओरडत राहिला. पण मायक त्याच्या हातात नव्हता, आणि ज्याच्या हातात मायक नसतो त्याचं खरंही आपसातलंच राहतं.

तेव्हापासून त्याचं नाव पडलं मुठीवाला. पट जिंकला की पोरं ओरडत, "मुठीवाल्या, मूठ दाखव." पण ती मूठ त्याने पुन्हा कधी उघडली नाही. जोडी पळवून खाली उतरायचा आणि दोन्ही मुठी आवळून गर्दीतून सरळ निघून जायचा. ताठ होता. लोक म्हणत, पाहा, उघडत नाही म्हणजे आहेच.

पोरगी निकिता शाळेत गेली तर तिथंही मुठीवाल्याची पोरगी. तिने एका पोराच्या डोक्यात पाटी घातली, मास्तरने घरी पाठवली. धावजीने तिला रागवलं नाही. नवीन पाटी आणून दिली.

आणि सुखीबाई? तिच्याकडूनही एक चूक झाली. पहिल्या दिवशी त्याचा तळहात हळद लावून तिनेच बांधला होता. कासऱ्याची जखम तिने बोटांनी चाचपली होती. तरीही वर्षा-दोन वर्षांनी, विहिरीवर बायांनी फार टोचल्यावर, एकदा कपडे धुताना तिने त्याच्या सदऱ्याचा खिसा उलटा केला. आत बोट फिरवलं. शिवणीतही चाचपलं. मान वर केली तर धावजी दारात उभा.

"सापडला का?" त्याने विचारलं.

तो निघून गेला. त्यावर पुन्हा कधी शब्द निघाला नाही. पण त्या दिवसापासून धावजी सदरा धुवायला टाकताना आधी दोन्ही खिसे स्वतःच उलटे करून ठेवी. सगळी उमर. ते उलटे खिसे मेलेल्या माशांसारखे बाहेर लोंबत, आणि सुखीबाई ते तसेच धूत असे. आपलं चुकलं म्हणून सांगायचं तिने शंभरदा ठरवलं. पण माणूस रोज समोर असला की उद्यावर टाकतो.

मग कोर्टाने पटावर बंदी आणली. सात वर्षं. ज्यांनी बैलांना टोचलं ते शेतीवाडीचे होते, घरी बसले. ज्याने टोचलं नाही तो धावजी वणीला गेला, कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायला. दिवसभर तोंडात कोळशाची धूळ, ती मारायला खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिवसाला आठ-दहा पुड्या. महिन्यातून एकदा घरी येई तेव्हा आधी कोठ्यात जाई. घरच्या गाईला एक गोऱ्हा झाला होता, करड्या रंगाचा, कबुतरासारखा. त्याचं नाव पारवा ठेवलं. त्याला जोड म्हणून राजा नावाचा दुसरा आणला. पट बंद असताना हा माणूस पटाची जोडी तयार करत होता. सुखीबाई म्हणाली, "कायले? कुठं पळवान?"

"पळवायले नाई," तो म्हणाला. "हाक विसरून राह्यलो मी."

बंदी उठली. नवे नियम आले. काठी नाही, पराणी नाही, शेपटीला हात नाही, बैलाची डॉक्टरकडून तपासणी. बाकी धुरकऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळ्या पटात एकटा धावजी असा, की कायदा बदलला तरी त्याला काही बदलायचं नव्हतं. आता त्याचीच वेळ होती. आता खिळा कोणाच्या मुठीत राहिला असता?

आणि त्याच वर्षी त्याचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले, मग टॉन्सिल. नागपूरच्या दवाखान्यात सांगितलं, घशाचा कॅन्सर. जीव ठेवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल, गळ्याला भोक पाडून त्यातून श्वास. आवाज राहणार नाही. बारीकही नाही.

ऑपरेशनला सहा दिवस होते. निकिता यवतमाळला नर्सिंग शिकत होती. ती घरी आली आणि म्हणाली, "बा, मोबाइलमधे बोल काही. काही बी बोल."

काय बोलावं त्याला सुचेना. मग उठून कोठ्यासमोर गेला, उभा राहिला आणि हाक मारली. घोगरी होती, चिरकत होती, पण पुरी होती. सकाळची वेळ. तांड्यावरच्या बाया हंडे घेऊन जागीच थांबल्या. बारा सेकंदांची हाक, आणि शेवटी "बस वीरा, बस". मग तो आत गेला आणि पारव्याच्या शिंगामागे हात घासला.

त्याच्या आवाजाचं एवढंच उरलं.

ऑपरेशन झालं. गळ्यातल्या भोकावर पांढरा दुपट्टा गुंडाळून धावजी घरी आला. जोडी सांभाळायला थोरला पोरगा लखन होता, ट्रॅक्टर चालवणारा, धट्टाकट्टा. त्याने हाक मारून पाहिली. पारव्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि कुटार खाऊ लागला.

"माह्या आवाजात काय काटे हायेत का रे?" लखन बैलावर चिडला.

पण डोकं त्याचंच चाललं. एका रविवारी त्याने छकड्याला छोटा भोंगा बांधला, मोबाइल त्याला जोडला आणि बापाची हाक लावली. पारवा आणि राजा असे उडाले की लखनची टोपी मागच्या तुरीत जाऊन पडली. घरचं वावर लहान, शंभर फुटांवर धुरा, म्हणजे बांध. तिथं लोक उभे करून बैल अडवायचे आणि भोंग्यातून 'बस' येईपर्यंत धरून ठेवायचे. चार-पाच वेळा झालं. दरवेळी पळाले.

धावजी धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. घरी आल्यावर त्याने निकिताच्या जुन्या पाटीवर लिहिलं. लिहिणं त्याचं चौथीपर्यंतचं, अक्षरं बैलाच्या पावलाएवढी. कळंब. मग खाली, मूठ.

सगळ्यांना समजलं. त्याच पटात, त्याच नानाजीसमोर, तो स्वतः छकड्यावर नसताना जोडी पळाली, तर पंचवीस वर्षांचा खिळा निघणार होता. त्याला इनाम नको होतं. त्याला उघडा हात घेऊन मरायचं होतं. डॉक्टरने वर्षाची भाषा केली होती.

निकिता म्हणाली, "बा, शेवटचं 'बस' कापून टाकतो मोबाइलमधून. एका मिनिटाचं काम हाय."

धावजीने जोरात मान हलवली.

"अरे, पण तिथं पट्टी लांब..."

त्याने पाटीवर हात आपटला. सुखीबाई चुलीपासून म्हणाली, "राहू दे पोरी. मोकळी हाक सोडू नये." ती असं का म्हणाली, तिलाच कळलं नाही. एवढी वर्षं नवऱ्याच्या घरात राहून नेम तिच्याही अंगात मुरला होता. पुढे हे वाक्य तिने मनातल्या मनात किती वेळा गिळलं, त्याला मोजमाप नाही.

माघात पट भरला. या वेळी सुखीबाईही गेली, टेम्पोत बैलांसोबत, हिरवं लुगडं नेसून. मांडव, झेंडे, रसवंती, खुर्च्यांवर पांढरे कपडेवाले. कायद्याने बैलाला मारायची बंदी केली होती, भाषणाने माणसाला मारायची नव्हती. दीड तास भाषणंच चालली.

लखनने भोंगा दाखवला तेव्हा कमिटीत वाद झाला. कोणी म्हणालं, हे चालत नाही. नानाजी आता सत्तरीचा, पण घड्याळ अजून त्याच्याच हातात. तो म्हणाला, "काठी नाई म्हणून लिवलं हाय, भोंगा नाई म्हणून कुठं लिवलं? पळू द्या. मुठीशिवाय कसे पळते, पाहू तरी."

धावजी पट्टीच्या पार शेवटी, दोरीबाहेर जाऊन उभा राहिला. बैलांपासून तीनशे फूट. आणि त्याने दोन्ही हात वर केले. पंजे उघडे. पंचवीस वर्षांनी. लोक एकमेकांना कोपरं मारू लागले. सुखीबाई त्याच्याजवळ उभी होती. तिला त्याच्या तळहातावर ती जुनी रेघ दिसली, आडवी, पांढरी पडलेली.

लखनने कासरा छकड्याला बांधून टाकला आणि दोन्ही हातांनी नुसता लाकडी दांडा धरला. दोघंजण बैलांच्या तोंडाशी उभे राहून जोडी धरून होते. झेंडीवाल्याने झेंडी उचलली. लखनने हाक सुरू केली.

तेवढ्यात पाहुण्यांचा फोटो काढणारा एक जण पट्टीवर आला. झेंडी थांबली. भोंग्यातून धावजीचा आवाज निघतच होता, बैल जागेवर नाचत होते, धरणारे फरपटत होते. "अबे हट ना बाजूले," कोणीतरी ओरडलं. चार-पाच सेकंद गेले. मग झेंडी पडली.

पट म्हणजे काय, हे सुखीबाईने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन बैल पळत नव्हते, ओतले जात होते. आणि त्यांच्या मागून तिच्या नवऱ्याचा आवाज येत होता. वर्षभर घरात नसलेला आवाज, "चाल वीरा, चाल, चाल", त्याच्या आज्याचा, लदेणीच्या वाटांचा. शेजारी तो माणूस तोंड मिटून उभा, आणि आवाज समोरून धावत येतो आहे. तिने त्याचा दंड धरला.

शेवटच्या चुन्याच्या रेघेला दहा हात राहिले असताना भोंगा म्हणाला, "बस वीरा, बस."

दोन्ही बैल थांबले. खुंटा गाडल्यासारखे. लखन दांड्यावरून पुढे उडाला आणि खांद्यावर पडला. धूळ उडून खाली बसली. रेघ समोर होती, दहा हातांवर, आणि बैल हलत नव्हते.

आधी हशा पिकला. मग हळूहळू थांबला, कारण पारवा मान वळवून पाहत होता. डावीकडे, उजवीकडे, मागे. हाक पुरी झाली होती. आता हात यायचा होता.

मायकावरून आलं, "जोडी बाद."

धावजी दोरीखालून वाकून आत गेला. चालत जाऊन त्याने पारव्याच्या शिंगामागे तळहात ठेवला आणि घासत राहिला. मग राजाच्या. लखन खांदा धरून रडत होता, "बा, मी लवकर दाबलं, बा." धावजीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो बैलाकडे पाहत होता, जसा माणूस आपलं खोटं पकडलं गेल्यावर पाहतो. त्याने बैलाला हाक दिली होती आणि हाकेमागे तो स्वतः नव्हता.

नानाजी घड्याळ घेऊन मांडवातून खाली आला होता. तो बैलांच्या चारी बाजूंनी फिरला. पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या. म्हातारा मूर्ख नव्हता. हळू म्हणाला, "हाकेनं थांबला म्हणजे हाकेनंच पळत होता. जिंकत आलेला बैल कोण्या खिळ्यानं थांबन? धावजी, माहं चुकलं गा."

सुखीबाई दोरीजवळून पुढे आली. "मायकावर सांगा," ती म्हणाली.

"अं?"

"तवा मायकावरच सांगतलं होतं ना. आता बी मायकावर सांगा."

नानाजीने मांडवाकडे पाहिलं. तिथं दुसऱ्या पाहुण्याचा सत्कार सुरू झाला होता. "हे एवढं होऊ दे बाई. पुढच्या जोडीनंतर सांगतो."

पुढची जोडी पळाली. त्याच्या पुढचीही पळाली. शेवटची पळून लोक उठले, भोंगे उतरवले. मायकावर ती गोष्ट निघाली नाही. टेम्पो सुरू झाला तेव्हा धावजी मागे बैलांमध्ये बसला होता, दोन्ही हात मांडीवर, मुठी आवळलेल्या.

घरी आल्यावर त्याने मोबाइलकडे बोट दाखवून पाटीवर लिहिलं, पुसून टाक. निकिता म्हणाली, "बा, एवढंच हाय आमच्यापाशी तुहं." त्याने पाटी पुन्हा मांडीवर घेतली. मग पाटीवरचंच पुसलं, आणि त्या जागी लिहिलं, बैलाले ऐकवू नका.

पोळ्यानंतर आठव्या दिवशी तो गेला. शेवटचा सदरा सुखीबाईने दोरीवरून काढला तेव्हा खिसे उलटेच होते. तिने ते आत ढकलले. एकदा नाही, दोन-तीनदा, नीट शिवणीपर्यंत. सांगायचं होतं ते असंच खिशात राहून गेलं.

मरणाच्या पाचव्या दिवशी नानाजी भेटायला आला. नातवाच्या गाडीवर मागे बसून, हातात घड्याळ नव्हतं. अंगणात खाटेवर बसला. चहा घेतला नाही. मग निकिताला म्हणाला, "बाई, त्याची हाक हाय म्हणते तुह्यापाशी. एकदा ऐकवतं का?"

निकिताने आईकडे पाहिलं. "याडी?"

सुखीबाईला पाटीवरचं आठवलं. पण पाच दिवस झाले होते. तिलाही ऐकायचं होतं. "हळू लाव," ती म्हणाली.

निकिताने हळू लावली. पण बैलाला हळू आणि जोरात वेगळं नसतं. पहिल्या हेलालाच कोठ्यातून धडधड आली. पारवा उठला होता, दावं ताणलं होतं, खुंटा करकरत होता. "चाल वीरा, चाल." निकिता बंद करायला गेली तर सुखीबाईने तिचा हात धरला. आता मधे थांबवता येत नव्हतं. सगळे शेवटपर्यंत ऐकत बसले. "बस वीरा, बस."

कोठा शांत झाला.

"मी पापी हाओ, बाई," नानाजी म्हणाला. अंगणात चौघं होते. मायक नव्हता.

सुखीबाई उठून कोठ्यात गेली. पारवा मान वळवून दाराकडे पाहत उभा होता. तिने त्याच्या शिंगामागे हात नेला. एवढी वर्षं शेण काढलं, पाणी पाजलं, पण त्या जागेला तिने कधी हात लावला नव्हता. ती जागा त्याची होती. तिथले केस घासून घासून गेले होते. एका उघड्या तळहाताएवढं कातडं गुळगुळीत झालं होतं, पाच बोटांसकट. तिने आपला हात त्यावर ठेवला. तो लहान पडला.